ओळख पटवायला

उजीला बाल कल्याण समितीसमोर उभं केलं तेव्हा तिच्या कुर्त्यावर पुढच्या बाजूला दोन ओले डाग होते. ओढणी तिनं त्यावर घट्ट धरून ठेवली होती. पण अध्यक्षबाईंनी काही विचारलं की ती हात खाली घ्यायची आणि डाग दिसायचे. समितीत त्या दिवशी अध्यक्षबाई आणि दोन पुरुष सदस्य होते. कुणाच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी कुणी बोललं नाही. मला मात्र पाहताक्षणी कळलं, कारण माझा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता.

"हिला बाळ आहे का?" मी तिच्यासोबत आलेल्या हवालदार तायडेबाईंना हळूच विचारलं.

"आहे म्हणते," त्या म्हणाल्या. "पण तक्रारीत बाळ नव्हतं, मॅडम. तक्रारीत मुलगी होती. आम्ही मुलगी आणली."

ही अकोल्याची गोष्ट. मी तेव्हा तिशीच्या आतबाहेर होते आणि समितीच्या कामात मदतनीस होते. विकल्या गेलेल्या, पळवलेल्या, अत्याचार झालेल्या मुलांसोबत सुरुवातीपासून खटला संपेपर्यंत कुणीतरी एक माणूस असावं, अशी कायद्यात सोय आहे. ते माणूस मी. मुलीला दवाखान्यात नेणं, जबाबाच्या वेळी शेजारी बसणं, कोर्टात काय विचारतील ते आधी समजावून सांगणं, रडली तर पाणी देणं, असं ते काम. मला ते मनापासून आवडत होतं. आपण असलो म्हणजे मुलीचं निम्मं ओझं हलकं होतं, असं मला वाटायचं.

उजीचं नाव उज्ज्वला. वय सोळा. तिची आई लहानपणीच गेली आणि बाप वीटभट्टीवर कामाला. गल्लीतल्या एका बाईनं बापाच्या कानावर घातलं की राजस्थानात चांगलं स्थळ आहे, हुंडा नको, उलट सगळा खर्च तेच करतात. बाप लगेच हो म्हणाला. त्या भागात मुली कमी, म्हणून आपल्याकडच्या गरीब घरांतून अशा पोरी नेतात, आणि त्या बदल्यात कुणाच्या तरी हातावर पैसे पडतात. उजीला चौदाव्या वर्षी त्या बाईनं रतलामच्या गाडीत बसवून नेलं. तिकडच्या एका देवळात तिच्या दुप्पट वयाच्या माणसानं तिच्या गळ्यात हार घातला. पुढची दोन वर्षं ती त्या घरात होती. घराबाहेर पडायची ती विहिरीवर जाण्यापुरती, आणि तेव्हाही कुणीतरी मागं असायचं. एकदा शेजारणीचा मोबाइल हाती लागला आणि तिनं अकोल्यातल्या मामाला फोन केला. मामा रिक्षा चालवायचा, बिचारा धडपडत पोलिसांत गेला. पोलीस त्या गावी पोचले तेव्हा उजी विहिरीवरच होती. तिला तिथूनच जीपमध्ये घातली. नवऱ्याला शेतातून धरला. लेकरू घरात सासूपाशी आहे, ते घेऊ द्या, असं ती सांगत होती. गावातली माणसं जमायला लागली होती, दगडफेक होईल अशी भीती होती. लेकरू मागाहून आणू, असं सांगून जीप निघाली.

समितीसमोर अध्यक्षबाईंनी तिला प्रेमानं विचारलं, बाळा, तुला काय हवंय, शिकायचंय का, शिवण शिकायचंय का. बाई वाईट नव्हत्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या आणि स्वच्छ हाताच्या.

उजी म्हणाली, "माहं लेकरू आनून द्या. आन् दूध आटवायची गोयी देऊ नका."

बालगृहात दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. छाती दगडासारखी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि गोळी दिली, दुसरा इलाजच नव्हता. मी शेजारी बसून होते. उजीनं गोळी तळहातावर घेतली, माझ्याकडं पाहिलं आणि गिळली. आठवड्याभरात डाग पडायचे थांबले.

मग कागद सुरू झाले. समितीनं तिकडच्या समितीला लिहिलं, तिकडच्या समितीनं तिकडच्या पोलिसांना, पोलिसांनी काहीच कळवलं नाही. आमच्याकडून स्मरणपत्रं गेली. उजीचं सगळं नीट चाललं होतं, निदान आमच्या अहवालात तरी. ती शिवणाच्या वर्गाला जायची. समुपदेशक मॅडम कागद आणि रंग द्यायच्या, ती त्यावर डोंगर आणि झोपडी काढायची. रात्रशाळेच्या पुस्तकांना तिनं कव्हरं घातली. मी गेले की तिला हक्क समजावून सांगायचे. तू गुन्हेगार नाहीस, तुझ्यावर अन्याय झालाय, ज्यांनी तुला विकलं त्यांना शिक्षा होईल. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची, "कधी जाचं, ताई?"

तिची मुलगी सात महिन्यांची असताना ती तिच्यापासून तुटली होती. प्रत्यक्ष आदेश हातात पडला तोवर ती पोर वर्षाची होऊन गेली असेल. बाळ घरीच जन्मलं होतं, कुठल्या दवाखान्यात नोंद नव्हती, नाव लागलेलं नव्हतं. म्हणून आदेशात लिहिलं होतं की पीडित मुलीनं स्वतः जाऊन, पंचांसमक्ष, बाळाची ओळख पटवावी आणि मग ताबा घ्यावा. तायडेबाई, मी आणि उजी, असं तिघींनी जायचं ठरलं. तिकडच्या ठाण्यातून एक शिपाई मिळणार होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी अध्यक्षबाईंनी मला थांबवून घेतलं. त्या म्हणाल्या, बाळ आलं की थेट शिशुगृहात द्यायचं, अमरावतीला. उजी इथंच राहील. दोघींना एकत्र ठेवायला आपल्याकडं जागा नाही. मग तिच्या वडिलांना बोलावून बाळ दत्तक देण्याबद्दल बघू.

"आणि उजी?" मी विचारलं.

"गावंडे मॅडम, ती स्वतः मूल आहे," त्या म्हणाल्या. "तिनं शिकावं, उभं राहावं. हे ओझं पाठीवर घेऊन ती काय करणार? मामानं लिहून दिलंय, मुलीला सांभाळीन, बाळाला नाही. आधी बाळ तर येऊ दे. आत्ताच तिला काही बोलू नका."

त्यांचं म्हणणं मला तेव्हा अगदीच चुकीचं वाटलं नाही. चांगल्या घरात जाईल पोर, असंच मनात आलं. पण उजीसमोर कसं सांगायचं, याचा विचार मात्र मी पुढं ढकलला.

तेव्हा अकोल्याहून रतलामकडं जाणारी मीटरगेज अजून चालू होती, आमच्याकडं तिला छोटी गाडी म्हणत. मेळघाटाच्या डोंगरातून वळसे घेत ती इतकी हळू जायची की माणसं उतरून पाणी भरून परत चढायची. उजी खिडकीशी बसली होती. अडीच वर्षांपूर्वी याच गाडीनं तिला नेलं होतं. मला वाटलं, तिला ते आठवून त्रास होईल. पण ती खुशीत होती. मला पहिल्यांदाच ती सोळा वर्षांची दिसली. कोणतं स्टेशन आलं, पुढं कोणतं येईल, हे तीच आम्हाला सांगत होती. तायडेबाईंनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा सोडला, तर तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

पिशवीतून तिनं एक झबलं काढून दाखवलं. शिवणाच्या वर्गात शिवलेलं, पिवळ्या कापडाचं, गळ्याला लाल पट्टी. तायडेबाईंना दोन मुली. त्यांनी झबलं हातात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे व्हायचं नाही तिला आता. वर्षाची झाली ना पोर."

उजीनं ते परत घेतलं, थोडा वेळ मांडीवर पसरून ठेवलं, मग दातानं धागा तोडून दोन्ही बाजूंची शिवण उसवायला बसली. खांडवा येईस्तोवर ती तेच करत होती.

रतलामला आम्ही एका धर्मशाळेत राहिलो आणि सकाळी बसनं निघालो. गावाचं नाव लिहीत नाही. राजस्थानच्या हद्दीत शिरल्यावर मुख्य रस्ता सोडून आत जावं लागतं. दगडी कुंपणांची शेतं, मधूनमधून अफूचे वाफे, अंगावर पिवळ्या-लाल ओढण्या घेतलेल्या बायका. ठाण्यातून मिळालेला शिपाई पोरसवदा होता आणि आमच्याबरोबर आल्याबद्दल नाखूश होता. गाव जवळ आलं तशी उजीनं ओढणी कपाळावर ओढून घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, तिचा हात आपोआपच तिकडं गेला.

घर साधं होतं, कवेलूच्या छपराचं, अंगणात लिंबाचं झाड आणि एक म्हैस. सरपंच आणि आणखी चार-पाच माणसं आधीच येऊन खाटांवर बसली होती. दाराच्या चौकटीत एक बाई उभी होती, पन्नाशीची असेल, घागरा-ओढणीतली, हातात चांदीचं जाड कडं. तिच्या कडेवर लेकरू. ही उजीची सासू, गेंदीबाई. तिचा मुलगा म्हणजे उजीचा नवरा अकोल्याच्या तुरुंगात होता.

उजी दोन पावलं पुढं गेली आणि थांबली. लेकरानं तिच्याकडं पाहिलं, मग तायडेबाईंच्या टोपीकडं पाहिलं आणि आजीच्या मानेत तोंड घातलं.

मी हिंदीत आदेश समजावून सांगायला लागले. आम्ही भांडायला आलो नाही, मुलाचा ताबा आईकडं असतो, वगैरे. गेंदीबाईनं मला अर्ध्यावर तोडलं.

"पोट्टी मी देत नाई," ती म्हणाली.

मला वाटलं, माझ्या कानांची काहीतरी चूक होतेय. तायडेबाईंनीही चमकून पाहिलं. उच्चार गंजलेला, पण बोली आपली, अस्सल वऱ्हाडी.

"तुम्हाला मराठी येतं?" मी विचारलं.

"माहं नाव शेवंता होतं," ती म्हणाली. "पूर्णेच्या काठचं गाव. तेराव्या वर्षी आनलं माले इकडं. आता बोलाले कोनी नसते, तं भुलली मी."

मी उजीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. इतक्या महिन्यांत, इतक्या जबाबांत तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. मी नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, तुम्ही इचारलं नाई. सासूनं मारलं का, कोंडलं का, उपाशी ठेवलं का, हे आम्ही विचारलं होतं, आणि त्या तिन्ही प्रश्नांना तिनं हो म्हटलं होतं. तेही खरंच होतं. बाळंतपणात याच बाईनं तिला डिंकाचे लाडू करून घातले होते आणि कळा येत असताना तिच्याशी वऱ्हाडीत बोलत रात्र काढली होती. ते विचारायला आमच्या प्रश्नांत जागा नव्हती.

गेंदीबाईनं सरपंचाला त्यांच्या भाषेत काही सांगितलं आणि आम्हा तिघींना आत घेतलं. शिपायाला बाहेरच बसवलं. आत अंधार होता, चुलीचा आणि ताकाचा वास होता. तिनं आम्हाला पाणी दिलं. मग लेकरू उजीच्या मांडीवर ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "मी काई राक्षसीन नोय."

उजीनं लेकराला जवळ घेतलं. त्याचे हात, पाय, कानामागं, सगळं पाहिलं. मग भिंतीकडं तोंड करून तिनं त्याला छातीशी धरलं. आम्ही दुसरीकडं पाहत राहिलो. लेकरू आधी गप्प होतं, मग कुरकुरायला लागलं, मग रडायला लागलं आणि शेवटी पाठ ताठ करून किंचाळायला लागलं. उजी त्याला थोपटत होती, काहीतरी पुटपुटत होती. मोठ्या नेटानं ती पाच-दहा मिनिटं बसली. शेवटी गेंदीबाईनं हात पुढं केले आणि उजीनं लेकरू देऊन टाकलं. ते क्षणात शांत झालं आणि आजीचं कडं चोखायला लागलं.

"दूध कुठं हाये तिच्याजवळ," गेंदीबाई मला म्हणाली. तिचा सूर टोचायचा नव्हता, ती आपलं जे होतं ते सांगत होती.

तायडेबाईंनी घसा खाकरला. वेळ होतोय, पंचनामा उरकू, असं त्या म्हणाल्या. गेंदीबाईनं त्यांना हातानं थांबवलं आणि माझ्यासमोर बसली.

"तुम्ही शिकल्या-सवरल्या बाई दिसता. माले एक सांगा. ह्या दोघी तिकडं गेल्या तं माय-लेकी एका जागी राहतीन का?"

मी म्हणाले, सरकार दोघींची चांगली काळजी घेईल.

"ते नाई इचारलं. एका जागी राहतीन का?"

मी हातातल्या आदेशाची घडी घातली. बाहेर कुणीतरी म्हशीला हाकलत होतं. उजी भिंतीकडून वळली होती आणि माझ्याकडं बघत होती. इतक्या महिन्यांत तिनं मला कशासाठी आग्रह केला नव्हता.

"सांगा ना, ताई," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. बाळ अमरावतीला जाईल, तू अकोल्यात. भेटता येईल, पण रोज नाही. तिनं विचारलं, मी अठराची झाल्यावर देतील का. मी सांगितलं, तोवर बहुतेक दुसऱ्या घरी दिलेली असेल. चांगल्या घरी. तिनं विचारलं, कोणत्या गावी. मी सांगितलं, ते आपल्याला कळवत नाहीत, कायदाच तसा आहे. तिनं विचारलं, माह्या सहीबिगर देतीन का. मी म्हणाले, तू लहान आहेस, तुझ्या वडिलांना विचारतील.

"बापाले," उजी म्हणाली. आणि मग काही विचारलं नाही.

गेंदीबाई लेकराच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनं सांगायला सुरुवात केली, माझ्याकडं न बघता. तिला इकडं आणल्यावर ती वर्षभर वाट पाहत होती की बाप येईल, भाऊ येईल. कुणी आलं नाही. पहिली मुलगी झाली तेव्हा तिनं पळून जायचं ठरवलं होतं, पण लेकरू घेऊन पळता येत नव्हतं आणि टाकून जाववत नव्हतं. ती मुलगी पुढं तापानं गेली. मग पळायचं कारण उरलं नाही. आपल्या मुलाला इकडं कुणी पोरगी देईना, तेव्हा तिनंच त्या अकोल्याच्या बाईला निरोप धाडला होता.

"माह्या भाषेतली पाह्यजे म्हनलं," ती म्हणाली. "तेवढंच सोबत."

मला चीड यायला हवी होती. माझ्यासमोर गुन्हेगार बसली होती, स्वतःच्या तोंडानं कबूल करत होती. पण चीड येईना.

नंतर ती उजीशी बोलली, खालच्या आवाजात. पोरगी इथं राहू दे, मी जिवंत आहे तोवर तिला काही कमी पडू देणार नाही. तू मोठी झाली की ये, दार उघडं आहे. फक्त कोर्टात माझ्या पोराविरुद्ध उभी राहू नको. तायडेबाई म्हणाल्या, हे साक्षीदार फोडणं आहे, गप्प बसा. गेंदीबाई गप्प बसली. तिला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

आम्ही अंगणात आलो. सरपंच, दोन पंच आणि शिपाई खाटांवर सरसावून बसले. गाव सगळं कुंपणापाशी गोळा झालं होतं. गेंदीबाई लेकरू घेऊन झाडाखाली उभी राहिली. तायडेबाईंनी कागद मांडीवर घेतला आणि आदेशात होता तसा प्रश्न विचारला.

"या बाईच्या कडेवर जी मुलगी आहे, ती तुझी आहे का?"

उजीनं मान वर केली. लेकराकडं ती पुष्कळ वेळ बघत राहिली. इतका वेळ, की सरपंचानं खाकरून घेतलं.

"नाई," ती म्हणाली.

"नीट बघ," तायडेबाई म्हणाल्या.

"हे माहं लेकरू नोय."

शिपायानं हिंदीत विचारलं, काय म्हणाली. मी सांगायला तोंड उघडलं, त्याआधीच उजीनं त्यांच्या भाषेत, मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं की ही मुलगी माझी नाही. गेंदीबाईनं ओढणी तोंडावर घेतली. तिचे खांदे हलताना मला दिसले.

तायडेबाईंनी पेन कागदावर टेकवून माझ्याकडं बघितलं. आत त्यांनी सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं. लेकराची हनुवटी, कपाळ, सगळं उजीचं होतं, आंधळ्यानंसुद्धा ओळखलं असतं. मी उजीकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. मी तिच्या बाजूनं उभं राहायला नेमलेली होते. मी तिच्या बाजूनं गप्प राहिले. तायडेबाईंनी लिहिलं, पंचांनी सह्या केल्या, आम्ही बसच्या रस्त्याला लागलो. उजीनं मागं वळून पाहिलं नाही. गावाबाहेर पडल्यावर एका कुंपणाला धरून ती ओकली, मग चालायला लागली.

परतीच्या गाडीत ती बराच वेळ झोपली. जागी झाली तेव्हा गाडी डोंगर उतरत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, असं का केलंस, काहून? आपण भांडलो असतो. मी अध्यक्षबाईंशी बोलले असते.

तिनं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं.

"तिकडं हाये तं माले ठाऊक हाये कुठं हाये ते. तुमच्याकडं गेली असती तं मी कोनाले पत्ता इचारू?"

पुढचं थोडक्यात सांगते. खटला उभा राहिला तेव्हा उजी साक्षीला आली आणि म्हणाली, मी माझ्या मर्जीनं गेले होते, मला कुणी विकलं नाही. मी तिच्या शेजारीच बसले होते. बापानं तिचं वय वाढवून सांगितलं, शाळेच्या दाखल्यावर वाद झाला, नवरा सुटला. ती गल्लीतली बाई तर कधी सापडलीच नाही. बालगृहात उजी आणखी वर्ष-सव्वा वर्ष राहिली. शिवणाच्या परीक्षेत ती पहिली आली. अठरा पूर्ण झाल्यावर अध्यक्षबाईंनी तिला पुढच्या वसतिगृहाबद्दल सांगितलं, एका संस्थेनं शिलाई मशीन देऊ केलं. तिनं सगळ्यांच्या पाया पडून नाही म्हटलं.

तिला परत त्या गावाकडं जाणाऱ्या छोट्या गाडीत बसवायला स्टेशनवर मी एकटीच गेले होते. काही झालं तर फोन कर, एवढं म्हणाले. ती मान हलवून हाव म्हणाली. मी ते काम नंतर फार दिवस केलं नाही. त्या कामाला वाईट म्हणत नाही, कित्येक मुली त्यातून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात. मला एका शाळेत नोकरी लागली, एवढंच. ती रेल्वेही पुढं रुंदीकरणासाठी बंद झाली.

उजीचा फोन पाच-सहा वर्षांनी आला. दुपारची वेळ होती, मी पेपर तपासत होते. नंबर अनोळखी. तिनं माझ्या मुलाचं विचारलं, तायडेबाईंचं विचारलं. तिच्या बोलण्यात आता तिकडचे शब्द शिरले होते, वाक्याच्या मध्येच ती अडायची आणि मग आपला शब्द शोधून काढायची. नवऱ्यानं मधल्या काळात दुसरी बायको आणली होती, ती ओडिशाकडची. उजी मागच्या खोलीत राहते. म्हशीचं, शेताचं बघते. गेंदीबाई थकली आहे, पण हिंडती-फिरती आहे.

"आणि मुलगी?" मी विचारलं.

"शायेत जाते," उजी म्हणाली. "हुशार हाये."

"तिला माहीत आहे ना, तू कोण आहेस ते?"

ती आवाज खाली आणून बोलायला लागली. म्हणाली, बाईनं, म्हणजे गेंदीबाईनं, तिला सांगितलंय की तिची माय मेली. गेल्या गेल्या मी खरं सांगाले पाह्यलं, तं नवरा म्हने, चार मान्सांत तूच म्हनली ना, तुही नाई म्हनून. सरपंच बी तेच म्हने. सारं गाव होतं तिथं, ताई. आता कोन मानीन?

"मग तू तिथं कशी राहतेस, उजी?"

"इथं समदे माले मराठण म्हनतात," ती म्हणाली. मला वाटलं, तिला माझा प्रश्न कळला नाही. मग ती म्हणाली, "आज बाईचे हात लय कापत होते. तं पोरीची येनी मी घातली. केस माह्यासारखेच हायेत, हातात ठरत नाईत."

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात फोनमध्ये लांबून हाक ऐकू आली. लहान मुलीचा आवाज होता, खणखणीत, घाईतला.

"मराठण! ओ मराठण!"

"आली," उजी म्हणाली आणि फोन ठेवला.